दुभत्या गाईच्या लाथा



वसंत व्याख्यानमालेचे व्यासपीठ हे विद्वानांचे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा घातली, आणि तेव्हापासून गावोगावी लोक उन्हाळ्याच्या संध्याकाळी चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकावयास जमतात. अशा जागी एका कापडवाल्याला उभे करण्यात चालकांनी मोठेच धाडस केले आहे. ते अंगाशी आले, तर दोष त्यांचा; निभावले, तर श्रेय आपल्या सोशिकपणाचे.

मला विषय दिला आहे तो असा : ‘गिऱ्हाइकाला नाही केव्हा म्हणावे?’ चालक विषय घेऊन आले, तेव्हा मी त्यांना म्हणालो, “अहो, आम्हांला जन्मभर ‘हो’ म्हणण्याचीच विद्या शिकवलेली. ‘नाही’वर मी काय बोलणार?” पण रात्री अंथरुणावर पडल्यावर जाणवले की, या प्रश्नावर बोलण्याचा थोडासा अधिकार मला आहे. तो यशाचा नव्हे, चुकांचा. १९७१ साली मी वडिलांच्या दुकानात गादीवर बसलो. पुढच्या छत्तीस वर्षांत या प्रश्नाचे उत्तर मी दोनदा ठळकपणे चुकलो, आणि दोन्ही चुका एकमेकींच्या उलट दिशेच्या. एकदा ज्याला दुकानाबाहेर काढावयास हवे होते, त्याला चहा पाजून ठेवून घेतले. आणि एकदा जिला बसवून घ्यावयास हवे होते, तिला वाटेला लावले. आजचे भाषण या दोन चुकांच्या भांडवलावर चालणार आहे.

पहिली चूक सांगतो. १९८६ सालचा वैशाख. लग्नसराई ऐन भरात. आपल्यापैकी अनेकांनी बस्ता बांधला असेल; ते प्रकरण काय असते, हे निराळे सांगावयास नको. वधूकडची, वराकडची, आत्या, मावश्या, काकू अशी वीस-पंचवीस माणसे सकाळी येतात. मानपानाची लुगडी, पातळे, शालू, आहेराचे कापड, टोप्या, उपरणी, सगळे एका बैठकीत घेतात. असा एक मोठा बस्ता म्हणजे लहान दुकानाची महिन्याची विक्री. त्या दिवशी आलेले गृहस्थ तालुक्यात वजन असलेले होते. त्यांच्यासमोर आमचे एक जुने नोकर माल दाखवीत होते. वडिलांच्या वेळेपासून एकोणीस वर्षे दुकानात. कापडाच्या नुसत्या स्पर्शावरून सूत सांगणारे. त्यांनी साठ-सत्तर शालू उलगडले. भाव ऐकून गृहस्थ चिडले. “चोर आहात तुम्ही लोक,” असे म्हणून त्यांनी हातातली शालूची घडी आमच्या माणसाच्या तोंडावर फेकली.

दुकान एकदम शांत झाले. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. आणि मी काय केले? मी गादीवरून उठलो, हात जोडले आणि आमच्या माणसाला म्हणालो, “साहेबांची माफी मागा.” त्यांनी मागितली. मग रात्री नऊपर्यंत उभे राहून त्यांनी तो बस्ता पुरा करून दिला, गठ्ठे बांधले, शालूंच्या घड्या पुन्हा घातल्या. दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना ते मला एवढेच म्हणाले, “मालक, मापात चुकलो असतो, तर पाया पडलो असतो. काल माझं काय चुकलं, तेवढं सांगा.” मला सांगता आले नाही. महिन्याभरात ते दुसरीकडे लागले.

आपल्याकडे म्हण आहे : दुभत्या गाईच्या लाथा गोड. आमच्या धंद्यात ही म्हण फार चालते. माझे वडीलही ती नेहमी म्हणत. पण त्या वैशाखात मला त्या म्हणीतली मेख कळली. गाय एक, दूध एक, लाथ एक. पण दूध पडते मालकाच्या चरवीत आणि लाथ बसते नोकराच्या छातीत. ज्याला लाथ बसते, त्याला दुधाचा थेंब मिळत नाही, आणि ज्याला दूध मिळते, तो म्हणतो की, लाथ गोड आहे! मंडळी, उर्मट गिऱ्हाइकाचा सारा प्रश्न या एका वाक्यात आला. लाथ मलाच बसत असती, तर ती सोसावी की न सोसावी, हा माझ्या स्वभावाचा प्रश्न. ती दुसऱ्याला बसत असेल, तर ती त्याच्या वतीने गोड मानण्याचा अधिकार मला कोणी दिला?

आमच्या डोक्यात ही गिऱ्हाइकभक्ती आली कुठून? आपण अनेक बँकांत आणि दुकानांत एक पाटी पाहिली असेल. गिऱ्हाईक हा आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा, अशा अर्थाचा मजकूर, आणि खाली महात्मा गांधींचे नाव. मजकूर चांगला आहे. पण गांधीजींच्या लेखनात त्याला आधार सापडत नाही. आपल्याला हवा तो उपदेश थोरांच्या तोंडी घालावा, ही माणसाची जुनी सवय. लंडनमध्ये १९०९ साली सेल्फ्रिज या गृहस्थांनी मोठे दुकान उघडले. गिऱ्हाइकाचे कधी चुकत नाही, हे सूत्र त्यांच्या आणि त्या पिढीतल्या इतर मोठ्या दुकानदारांच्या नावावर सांगितले जाते. ते सूत्र त्या काळी अगदीच खुळे नव्हते. फसवणुकीला सरावलेल्या लोकांना विश्वास वाटावा, यासाठी ते होते.

जपानची गोष्ट तर याहून बोधप्रद आहे. तेथे १९६१ च्या सुमारास हारुओ मिनामी नावाच्या एका लोकप्रिय गायकाने, प्रेक्षक म्हणजे देव, असे उद्गार काढले. त्याचे म्हणणे एवढेच की, रंगमंचावर उभे राहताना मन देवापुढे उभे राहिल्यासारखे निर्मळ हवे. लोकांनी त्यातला निर्मळपणा सोडला आणि देव तेवढा उचलला. गिऱ्हाईक देव झाले. आणि देव म्हटला की कोपणे आलेच! पुढे दुकानांतल्या, स्टेशनांवरच्या, दूरध्वनीवर बसणाऱ्या नोकरांचे हाल इतके वाढले की, टोकियो महानगराने गिऱ्हाइकांकडून होणाऱ्या छळाविरुद्ध २०२४ साली नियम संमत केला आणि तो १ एप्रिल २०२५ पासून अमलात आला. त्यात दंड नाही, शिक्षा नाही. पण असा छळ कोणी करू नये, एवढे तरी लेखी नोंदले गेले. सौजन्याबद्दल जगात नावाजलेल्या शहराला हे कागदावर लिहावे लागले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

हे झाले एका बाजूचे. पण एवढ्यावरून कोणी दुकानदार उठून बाह्या सरसावणार असेल, तर त्याने अंमळ थांबावे. कारण ‘नाही’ म्हणण्याचा आमचा इतिहास काही उजळ नाही. युद्धकाळात, १९४३ साली कापडावर नियंत्रण आले. वडील सांगत की, त्या दिवसांत रांगा लागत आणि दुकानदार राजा होई. माल गादीखाली असतानाही ‘माल नाही’ असे ठणकावून सांगणारे दुकानदार होते. पुढेही कित्येक वर्षे टंचाईच्या मालाबाबत हीच तऱ्हा राहिली. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभी केली, ती उगीच नव्हे. १९८६ साली संसदेने ग्राहक संरक्षणाचा कायदा केला, तोही उगीच नव्हे. माल कमी असला की दुकानदार उर्मट, माल जास्त झाला की गिऱ्हाईक उर्मट. उर्मटपणा बहुधा माणसात नसतो, तो पारडे जिकडे झुकेल तिकडे जाऊन बसतो.

आणि याहूनही काळा एक अध्याय आहे. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लहानपणची हकीकत लिहून ठेवली आहे. १९०१ साली ते भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटावयास निघाले. मसूर स्टेशनावर उतरल्यावर, मुले महार आहेत, हे कळताच एकही गाडीवान त्यांना नेईना. शेवटी दुप्पट भाडे कबूल केले आणि मुलांनी स्वतः गाडी हाकावी, गाडीवानाने पायी चालावे, असे ठरले, तेव्हा कोठे गाडी मिळाली. साताऱ्यात न्हावी होते, द्यावयास पैसेही होते. पण त्यांचे केस कापावयास कोणी न्हावी तयार होत नसे. ते काम त्यांची बहीण करी. विचार करा : गिऱ्हाईक लहान मुलाचे, तोंडाने नम्र, पैसे दुप्पट, आणि तरी त्याला ‘नाही’! या देशात लक्षावधी गिऱ्हाइकांना असे परतवले गेले ते त्यांनी काही केले म्हणून नव्हे, ते जे होते त्याबद्दल.

म्हणूनच आपल्या राज्यघटनेने पंधराव्या अनुच्छेदात देऊळ-दरबाराबरोबर नव्हे, तर दुकान, उपाहारगृह आणि हॉटेल यांचे नाव घेऊन सांगितले की, केवळ धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून तेथे कोणाला अटकाव करता येणार नाही. १९५५ सालच्या अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांविषयीच्या कायद्याने, जो १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम या नावाने ओळखला जातो, अस्पृश्यतेच्या कारणावरून माल विकण्यास नकार देणे हा गुन्हा ठरवला. तेव्हा ‘नाही’ म्हणण्यापूर्वी दुकानदाराने स्वतःला विचारण्याचा पहिला प्रश्न हा : मी नाही कशाला म्हणतो आहे? समोरच्याच्या वागण्याला, की त्याच्या असण्याला? याची कसोटी सोपी आहे. हेच शब्द, याच आवाजात, मोटारीतून उतरलेल्या माणसाने उच्चारले असते, तर मी त्यालाही बाहेर काढले असते काय? उत्तर ‘नाही’ असे आले, तर मग मला उर्मटपणा खुपत नाही, फाटकी चप्पल खुपते आहे.

येथे माझी दुसरी चूक येते. बस्त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी, बाजाराच्या दिवशी, एक म्हातारी बाई आमच्याकडून नेलेले नऊवारी लुगडे घेऊन आली. म्हणाली, “कमी आहे.” मी म्हटले, “आजी, हे मागावरूनच नऊ वार होऊन येतं, आम्ही कापत नाही.” तिने लुगडे हाताच्या कोपरापासून बोटापर्यंत मोजून दाखवले, एकदा, दोनदा. आवाज चढवला. दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलली; शब्द काही गोड नव्हते. बस्त्याचा प्रसंग माझ्या मनात अजून ठसठसत होता. मी ठरवले होते की, यापुढे दुकानात आरडाओरडा खपवून घ्यावयाचा नाही. मोठ्या करारी आवाजात तिला म्हणालो, “आजी, हाताने मोजून कापड ठरत नसतं. तुम्ही दुसरं दुकान बघा.” ती गेली. मला वाटले, आपण सुधारलो!

पंधरा दिवसांनी माल मोजताना त्या गठ्ठ्यातली लुगडी पट्टीला लावली. प्रत्येक लुगडे पाव वार कमी. म्हातारीचा हात बरोबर होता आणि माझी पट्टी मी लावलीच नव्हती. गठ्ठा व्यापाऱ्याकडे परत गेला. म्हातारीचा मी चार-पाच बाजार शोध घेतला. ती पुन्हा आली नाही. तिला दुसरी दुकाने होती. पण मला तिच्यासारखा तपासनीस पुन्हा मिळाला नाही.

तात्पर्य, त्रासदायक गिऱ्हाईक आणि उर्मट गिऱ्हाईक हे निरनिराळे प्राणी आहेत आणि त्यांची गल्लत करण्यात दुकानदाराचे नुकसान आहे. चाळीस पातळे उलगडावयास लावून एकही न घेणारी बाई त्रासदायक खरी. पण ती आपल्या पैशाची राखण करते आहे, आणि उलगडणे हाच आमचा धंदा आहे. घासाघीस करणारा तर आमच्याच खेळातला गडी. उधारी थकवणाऱ्याचे खाते बंद करावे, दार बंद करू नये; रोखीने आला, तर तोही चारचौघांसारखाच. लग्नात मिरवून आणलेला शालू ‘पसंत पडला नाही’ म्हणून परत आणणाऱ्याला हसून, पण ठामपणे, शालूवरचा हळदीचा डाग दाखवावा. आणि जो तक्रार घेऊन ओरडतो आहे, त्याच्या बाबतीत मी म्हातारीकडून शिकलेला नियम असा : तक्रार आधी, तोंड मागून. आधी पट्टी लावा, मग त्याच्या शब्दांचे माप घ्या. पुष्कळदा असे दिसते की, कोणी ऐकत नाही म्हणून आवाज चढलेला असतो. ऐकले की उतरतो.

राहता राहिला खरा उर्मट. जो माणसाला माणूस समजत नाही, नोकराला आईवरून शिव्या देतो, काउंटरवरच्या मुलीशी वावगे बोलतो, हात उचलतो. येथे दुसरा प्रश्न विचारावा : लाथ कोणाला बसते आहे? मला एकट्याला टोचले असेल, तर गिळावे. दुकानदाराला थोडे जाड कातडे लागतेच. माझ्या माणसाला बसली असेल, तर गिळू नये. एका अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी, आर्ली हॉकशील्ड यांनी, १९८३ साली विमानांतल्या सेविकांवर पुस्तक लिहून दाखवून दिले की, मनात नसताना हसतमुख राहणे हेही श्रम आहेत, आणि ते पगाराच्या मोबदल्यात विकत घेतले जातात. पुस्तक मी उशिरा वाचले. पण रात्री नऊपर्यंत शालूंच्या घड्या घालणाऱ्या त्या माणसाचा चेहरा मला त्यात ओळखता आला.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : मी नाही म्हटले, तर हा जाईल कोठे? माझ्या रस्त्यावर कापडाची अकरा दुकाने होती. माझ्या ‘नाही’ने कोणी उघडा राहिला नसता. पण गावातले एकुलते एक औषधाचे दुकान, शिधावाटपाचे दुकान, रात्रीची शेवटची रिक्षा, यांचे ‘नाही’ वेगळ्या वजनाचे आहे. म्हणून तर परवानाधारक रिक्षावाल्याने भाडे नाकारणे हा मोटार वाहन कायद्याने दंडास पात्र अपराध आहे. आणि डॉक्टरांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा यांच्या खटल्यात सांगून टाकले आहे की, जीव वाचवण्याची वेळ असेल, तेव्हा सरकारी असो की खाजगी, कोणत्याही डॉक्टराने आधी उपचार केले पाहिजेत. जखमी माणसाचे नातेवाईक कितीही वाईट बोलोत, जखम शिवली गेलीच पाहिजे. त्यांच्या वागणुकीचा हिशेब पोलिसांनी नंतर करावा. जेवढी आपली जागा गिऱ्हाइकाला अपरिहार्य, तेवढा आपला ‘नाही’चा हक्क आखूड.

आता, नाही म्हणावयाचे ठरले, तर कसे म्हणावे? याचा एक चांगला नमुना मला अनपेक्षित ठिकाणी सापडला. आपल्या देशात २०१७ साली विमानातल्या बेशिस्त प्रवाशांसाठी नियम झाले. त्यांत अपराधाच्या पायऱ्या केल्या : नुसते तोंडाने वाईट वागणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत बंदी, अंगावर हात टाकणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, आणि जीव धोक्यात घालणाऱ्याला किमान दोन वर्षे. निर्णय त्या क्षणी चिडलेल्या कर्मचाऱ्याने करावयाचा नाही. निवृत्त जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीने तीस दिवसांत करावयाचा, आणि त्यावर अपील करण्याची सोय. कापडाच्या दुकानात न्यायाधीश कोठून आणणार? पण त्यातले मर्म आपल्याला घेता येते. शिक्षा वागण्याच्या मापाची असावी, ती कधीतरी संपावी, आणि रागाच्या भरात ठरू नये.

मी माझ्या दुकानापुरती रीत बसवली ती अशी. ‘नाही’ मालकाने स्वतः म्हणावयाचे, नोकराच्या तोंडून म्हणवावयाचे नाही. मात्र नोकराने हाक मारली की, मालकाने गादीवरून उठावयाचे. एकदा स्पष्ट सांगावयाचे की, काय चालणार नाही; हात उचलला असेल, तर तेवढेही नाही. आवाज गिऱ्हाइकाच्या आवाजाखाली ठेवावयाचा. त्याचे काही देणे असेल, बदलून द्यावयाचे असेल, ते आधी चुकते करावयाचे, म्हणजे ‘नाही’मध्ये आपला स्वार्थ मिसळत नाही. आणि शेवटी, “आज राहू द्या, पुन्हा केव्हातरी या,” असे म्हणून दार उघडे ठेवावयाचे. या रीतीने छत्तीस वर्षांत मी चार गिऱ्हाइके परत पाठवली. त्यांतला एक बस्ता होता. ती मंडळी समोरच्या दुकानात गेली आणि तेथे त्यांनी दिवसभर खरेदी केली. मला ती गादीवरून दिसत होती. त्या रात्री गल्ला हलका भरला. हे मी लपवीत नाही. ‘नाही’ म्हणण्याने शेवटी फायदाच होतो, असे सांगणारे पुष्कळ भेटतील. माझा तसा अनुभव नाही. फायदा होवो न होवो, काही गोष्टींचा भाव ठरलेला असतो आणि तो द्यावा लागतो, एवढेच मी म्हणेन.

माझ्या काळी निदान लाथ आणि चरवी एकाच छपराखाली होती. नोकराने वळून पाहिले, तर मालक दिसे. आता जेवणाचा डबा, किराणा, कापड सारे दारात येते. ते आणणारा पोरगा एकटाच आपल्यासमोर उभा असतो. त्याला आपण मोबाइलवर तारे देतो, आणि त्या ताऱ्यांवर त्याचे पोट हलते. त्याचा मालक कोठे असतो, हे त्यालाही ठाऊक नसते. उशीर झाला म्हणून आपण त्याला बोललो, तर उठून उभे राहावयास कोणी नाही. गादीच रिकामी आहे.

म्हणून शेवटची विनंती दुकानदारांना नाही, आपणा सर्वांना आहे. येथे बसलेल्यांत दुकानदार थोडे. गिऱ्हाईक मात्र प्रत्येकजण आहे. सभा संपल्यावर कोणी रिक्षात बसेल, कोणी कोपऱ्यावर भजी घेईल, कोणाच्या घरी डबा येईल. तेथे आपण दुभती गाय असणार. दूध तर आपण देतोच. त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. पाय तेवढा आवरावा.

ज्यांच्या तोंडावर शालूची घडी बसली, ते मला नंतर एकदाच, एस. टी. स्टँडवर भेटले. त्यांनी विचारले, “दुकान कसं चाललंय, मालक?” मी म्हटले, “बरं चाललंय.” त्यांच्या त्या जुन्या प्रश्नाचे उत्तर तेव्हाही माझ्या तोंडून निघाले नाही. ते मी आज येथे, इतक्या लोकांसमोर, देतो : त्यांचे काही चुकले नव्हते. चूक माझी होती.